मदत हवी आहे: स्केटिंगमध्ये ॲक्सेल उडीचा सराव की स्पिनचा (गिरकीचा)?

टिळकवाडीत राहतो. मुलगी ११ वर्षांची, क्वाड (चार चाकी) स्केट्सवर आर्टिस्टिक स्केटिंग करते, म्हणजे उड्या-गिरक्यांचं (स्पीड नव्हे). सॅल्को, टो लूप, फ्लिप या उड्या एकेरी (एका फेरीच्या) स्वच्छ येतात. दीड फेरीच्या ॲक्सेलच्या मागं मात्र चार महिने लागलीय. दहात तीनदा उतरते, एरवी फेरी अपुरी राहते नाहीतर पडते. त्या नादात सिट स्पिनला (बसून घ्यायची गिरकी) दुसऱ्या फेरीतच तोल जातो, फुटवर्क (पावलांचं काम) तर पार मागं पडलंय. मला तेच जास्त लागतं, कारण पूर्वी तिचं फुटवर्क बघत राहावं असं होतं.

रिंक आठवड्याला तीनच तास मिळते. दोरीच्या उड्या, गच्चीवर बिनस्केटच्या फेऱ्या, व्हिडिओ काढून बघणं, सगळं करून झालं. सर ॲक्सेल सोडायला तयार नाहीत. स्पर्धा दोन महिन्यांवर आहे.

या तीन तासांची वाटणी कशी करावी? आणि यंदा ॲक्सेल स्पर्धेच्या प्रोग्रॅममधून काढून स्पिन-फुटवर्क पक्कं केलं, तर गुणांत फायदा होईल का?