लॉनचं सेंद्रिय खत: कॉफीचा चोथा आणि एप्सम सॉल्टवर गवत जगतं का?

कोरडवाहू:
हिरवाई यांनी काल लिहिलं: ‘युरिया कायमचा बंद करा. कॉफीचा चोथा, महिन्यातून एकदा एप्सम सॉल्टचं पाणी आणि मूठभर हाडांचा चुरा, एवढ्यावर घरचं लॉन हिरवंगार राहतं. रानातल्या गवताला कोण खत घालतं?’ खाली ‘छान माहिती’ म्हणणाऱ्यांची रांग लागली, म्हणून सविस्तर लिहितोय.

रानातलं गवत कोणी दर आठवड्याला कापून पोत्यात भरून बाहेर नेत नाही. लॉनचं आपण तेच करतो, आणि पात्यांबरोबर नत्र, म्हणजे नायट्रोजन, जातं. ते परत द्यावं लागतं. शंभर चौरस मीटरला वर्षाकाठी किलोभर तरी नत्र हवं, रोजच्या वापरातलं लॉन असेल तर दोन किलोपर्यंत.

आता हिशेब करा. किलोभर नत्रासाठी युरिया लागतो सव्वादोन किलोच्या आत. निंबोळी पेंड 20 ते 25 किलो. गांडूळखत साठ-सत्तर किलो. शेणखत दोनशे किलो, आणि त्यातलंही पहिल्या वर्षी थोडंच हाती लागतं. कॉफीचा चोथा पूर्ण सुकवलेला पन्नास किलो. एवढा चोथा कुठल्या घरात निघतो?

एप्सम सॉल्टमध्ये मॅग्नेशियम आणि गंधक. नत्र शून्य. हाडांच्या चुऱ्यात मुख्यतः स्फुरद, म्हणजे फॉस्फरस. मातीचा सामू (pH) 7 च्या वर असेल तर तो मुळांना फारसा मिळत नाही. आधीच भरपूर असेल तर पावसाबरोबर तळ्यात जातो आणि शेवाळ माजतं. मिनेसोटा राज्यात 2005 पासून लॉनच्या खतातल्या स्फुरदावर राज्यभर बंधनं आहेत ती याच कारणानं.

सेंद्रिय खताला माझा विरोध नाही. नत्र नसलेल्या वस्तूला खत म्हणण्याला आहे.

हिरवाई:
कोरडवाहू, तुम्ही मातीला ताटवाटी समजता, इतके ग्रॅम वाढले की झालं. माझ्या लॉनमध्ये युरिया पडायचा तेव्हा गवत चार दिवस गडद हिरवं, मग पुन्हा फिकट. पाण्याला थोडा उशीर झाला की पट्ट्याच्या पट्ट्या करपायच्या. खुरपं मारलं तर माती विटेसारखी, एक गांडूळ दिसायचं नाही. आता त्याच जागी बोट सहज आत जातं. हे तुमच्या युरियातल्या 46 टक्के नत्रात कुठे बसतं?

कोरडवाहू:
गांडुळं एप्सम सॉल्टनं आली नाहीत. चोथ्यातल्या सेंद्रिय पदार्थानं आली असतील, हे मान्य करतो. करपण्याचं म्हणाल तर ओल्या पात्यांवर दाणे फेकले आणि वर पाणी दिलं नाही की करपणारच. तो खताचा नव्हे, टाकण्याच्या पद्धतीचा दोष.

खुरपं:
शेणखताचं नाव निघालंय तर माझंही ऐका. ‘पूर्ण कुजलेलं’ म्हणून एकानं ट्रॉलीभर आणून टाकलं. पुढच्या पावसात अख्ख्या लॉनमधून लव्हाळा वर आला. उपटायला जावं तर दांडा हातात येतो आणि गाठ खालीच राहते, तिच्यातून आणखी दोन फुटतात. त्या खतात हुमणीच्या अळ्याही होत्या. पांढऱ्या, जाड, इंग्रजी ‘सी’सारख्या वळलेल्या. त्यांनी मुळं इतकी खाल्ली की गवत सतरंजीसारखं उचलून येत होतं. सेंद्रिय सेंद्रिय करणाऱ्यांनी आधी लव्हाळा काढून दाखवावा!

पाणकळा:
खुरपं, ते कुजलेलं नव्हतंच. ढीग आतून 55 अंशांच्या वर तापला पाहिजे, उलथून पुन्हा तापला पाहिजे, तेव्हा तणाचं बी मरतं. चांगल्या कुजलेल्या खताला शेणाचा वास येत नाही, मातीचा येतो. मुठीत दाबून हुंगून बघायचं, मगच उतरवून घ्यायचं.

पण मूळ प्रश्नावर कोणीच बोलत नाहीये. गवत कापल्यावर पाती उचलताच कशाला? तिथेच पडू द्या. वर्षाच्या नत्रातलं पाव भाग तरी तेवढ्यानं परत मिळतं, फुकट.

हिरवाई:
पाती ठेवली की खाली थर साचतो, गवत गुदमरतं. मी रोज झाडून काढते.

पाणकळा:
तो थर पात्यांचा नसतो हो. पात्यात बहुतेक पाणीच, थोड्या दिवसांत कुजून जातं. थर होतो तो मुळांचा आणि आडव्या खोडांचा, आणि जास्त नत्र टाकलं की तो आणखी वाढतो. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका, म्हणजे पाती बारीक राहतात आणि आत झिरपतात. गुडघाभर वाढवून एकदम कापाल तर मात्र ढीगच पडणार.

बागबुवा:
एवढा काथ्याकूट कशाला? एरंडी पेंड टाका. नत्र जवळजवळ निंबोळीइतकंच, लागूही लवकर पडते. मी तेच वापरतो.

शेरूची_आई:
बागबुवा, हे लिहिण्याआधी घरात कुत्रं आहे का एवढं तरी विचारा. मी एरंडी पेंड टाकली होती. शेरूनं गवतात नाक खुपसून ती मातीसकट चाटून खाल्ली. दिवसभर ठीक होता, शेपटी हलवत होता. रात्री उलट्या सुरू झाल्या, पहाटे जुलाबात रक्त. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, बागेत काय टाकलंत? यावर उतारा नाही, सलाइन लावून वाट बघायची, एवढंच त्यांच्या हातात होतं. शेरू वाचला. पोत्यावर काय छापलं होतं? ‘शंभर टक्के सेंद्रिय, पूर्ण सुरक्षित.’

बागबुवा:
वाईट झालं, पण एका प्रसंगावरून पेंडच वाईट ठरवू नका. शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या एरंडी पेंड घालतात. कुणाची कुत्री मेल्याचं मी ऐकलं नाही.

शेरूची_आई:
तुम्ही ऐकलं नाही म्हणजे घडलं नाही का? शेतात पेंड नांगरून मातीत जाते. लॉन कोण नांगरतं? तिथे ती वरच पडून राहते, नेमकी नाकाच्या उंचीवर. आणि एरंडीत रिसिन नावाचं विष असतं. ते तेलात उतरत नाही, पेंडीतच राहतं.

बागबुवा:
रिसिन हे प्रथिन आहे, उष्णतेनं निकामी होतं. नीट प्रक्रिया केलेली पेंड तेवढी धोक्याची नसते.

शेरूची_आई:
आणि ती नीट प्रक्रिया केलेली आहे हे पोत्यावरून कसं कळायचं? सांगा ना. माझ्या पोत्यावर तर ‘सुरक्षित’ असंच लिहिलं होतं. रात्रभर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते मी, मला प्रथिनं शिकवू नका.

कोरडवाहू:
शेरूची_आई यांच्याशी शंभर टक्के सहमत. जनावर असलेल्या घरात एरंडी पेंड नको, विषय संपला. हाडांचा चुराही कुत्र्यांना वासानं ओढतो. जास्त खाल्ला तर पोटात गोळा होतो. हिरवाई, तुमच्या यादीत तो आहे.

हिरवाई:
माझ्याकडे कुत्रं नाही.

खुरपं:
शेजाऱ्याचं येतं ना! माझ्याकडे रोज दोन येतात, नवीन लावलेलं गवत उकरून ठेवतात. त्यावर खत कोणतं ते सांगा आधी.

पाणकळा:
भांडण आवरा आता. माती तपासा, त्याशिवाय स्फुरद-पालाश (फॉस्फरस-पोटॅश) काही घालू नका. पाती लॉनवरच राहू द्या. वाढीच्या हंगामात निंबोळी पेंड कुटून, हप्त्याहप्त्यानं, आणि टाकल्यावर पाणी. कडू असते, जनावरं सहसा तोंड लावत नाहीत, तरी पोतं बंद खोलीत ठेवा. वर्षातून एकदा चाळलेलं कंपोस्ट अर्धा सेंटिमीटर पसरून झाडूनं पात्यांच्या खाली उतरवा. थंडीत मातीतले जीव मंदावतात, तेव्हा पेंड टाकून फार काही हाती लागत नाही. घाई असेल त्यानं थोडा युरिया पाण्यासोबत दिला तर आकाश कोसळत नाही.

हिरवाई:
युरिया नाही म्हणजे नाही. एप्सम सॉल्ट माती तपासून मगच देईन, ठीक आहे. निंबोळी पेंड आणते. चोथा मात्र कंपोस्टात टाकणारच, त्यात कोरडवाहूंनी नाक खुपसू नये.

कोरडवाहू:
कंपोस्टात टाका की, तिथे त्याची जागाच आहे. पात्यांचं काय ठरलं?

हिरवाई:
अर्ध्या लॉनवर ठेवते, अर्ध्यावरून झाडते. पावसाळा संपला की दोन्हींचे फोटो इथेच टाकते. तोवर मला कोणी काही पटवू नका.