मरळीसाठी परवडणारी प्लास्टिकची गांडुळे कशी निवडावीत?

निपाणीकर यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. मी दूधगंगेच्या काठचा असून हौसेने गळ टाकतो. आजवर मरळीसाठी बेडकाची पिल्ले नाहीतर खरी गांडुळे लावत आलो. परंतु ऐन उन्हाळ्यात दोन्ही मिळणे अवघड होते, म्हणून आता प्लास्टिकच्या मऊ गांडुळांकडे वळावे असा विचार आहे. या वस्तूविषयी जे काही वाचायला मिळते, ते जवळजवळ सगळे अमेरिकेतील बास या माशाविषयीचे असते आणि तो मासा काही आपल्या नद्यांत नाही. त्यात ऑनलाइन दुकानांत एकाच लांबीच्या गांडुळांचे एक पाकीट दुसऱ्याच्या कितीतरी पट किमतीला दिसते, आणि छायाचित्रात तर दोन्ही सारखीच वाटतात. स्वस्तातले पाकीट घेतल्यास नेमके काय गमवावे लागते? लांबी, शेपटी आणि रंग यांपैकी कशाला अधिक महत्त्व द्यावे? आमच्याकडचे पाणी म्हणजे बंधाऱ्यामागचा संथ डोह, काठाने केंदाळ, आणि पावसाळा सरल्यावरही बराच काळ टिकणारा गढूळपणा.

घटप्रभाकाठ यांचे उत्तर:

बासविषयीचा सल्ला आपल्याला अगदीच निरुपयोगी नाही. मोठ्या तोंडाचा बास आणि मरळ हे दोन्ही मासे गवताच्या आडोशाला दबा धरून बसतात आणि समोरून जाणाऱ्या भक्ष्यावर झडप घालतात, त्यामुळे आमिष कोठे टाकावे आणि कसे ओढावे याबाबतचे तिकडचे बरेचसे ज्ञान घटप्रभेवरील हिडकल धरणाच्या काठावरही चालते. फरक आहे तो तोंडात. बासचे दात बारीक आणि कानशीसारखे खरखरीत असतात, तर मरळीचे दात अणकुचीदार आणि जबडा चांगलाच टणक असतो. म्हणून बाससाठी नावाजलेले, मीठ घातलेले अतिशय मऊ गांडूळ मरळीच्या एखाद-दुसऱ्या झडपेतच तुटते.

महागड्या पाकिटात आपण बहुतेक वेळा या मऊपणाचे, मिठाचे आणि वासाचे पैसे देत असतो. मिठामुळे गांडूळ जड होते आणि शिसे न लावताही सावकाश बुडते, बुडताना त्याची दोन्ही टोके थरथरतात, आणि निवळ पाण्यातल्या सावध बासला त्याची भुरळ पडते. केंदाळाखालच्या मरळीचे इतके लाड करण्याचे कारण नाही. तिच्या पुढ्यातून काहीतरी वळवळत गेले की काम होते. तेव्हा बिनमिठाची, किंचित चिवट, पाच ते सहा इंच लांबीची आणि वळणदार शेपटीची गांडुळे घ्यावीत, कारण गढूळ पाण्यात भक्ष्य दिसण्याआधी त्याच्या हालचालीची थरथर माशाला जाणवते. रंगाचे म्हणाल, तर गढूळ पाण्याला काळा किंवा गडद जांभळा आणि पाणी निवळल्यावर हिरवट तपकिरी, एवढ्या दोन रंगांवर वर्ष निघते.

मलप्रभाकाठ, खानापूर यांचे उत्तर:

वरील मताशी मी बराचसा सहमत आहे, मात्र एक दुरुस्ती सुचवतो. स्वस्त गांडूळ चिवट असतेच असे नाही. पुष्कळदा ते नुसतेच ताठ असते, आणि ताठ गांडुळाची शेपटी हळू ओढताना हलतच नाही. पाकीट हाती येताच एक गांडूळ डोक्याकडून चिमटीत आडवे धरावे. ते आपल्या वजनाने खाली लवले पाहिजे. मग बादलीभर पाण्यात अगदी सावकाश ओढून पाहावे. जोरात ओढल्यावर कोणतीही शेपटी हलते, त्यात विशेष काही नाही. पाकिटात दबून शेपटी वाकडी झाली असेल, तर गांडूळ काही क्षण गरम पाण्यात बुडवून सपाट जागेवर सरळ ठेवल्यास ते पूर्ववत होते. तेवढ्यासाठी माल परत पाठवण्याची गरज नसते.

गांडुळांवर वाचवलेले पैसे गळावर खर्च करावेत असे माझे स्पष्ट मत आहे. बारीक तारेचा गळ मरळीच्या जबड्यात रुतण्याऐवजी सरळ होतो. शिवाय गांडूळ जितके जाड, तितका गळाचा वाक रुंद हवा, कारण झडप बसताच गांडूळ दुमडून गळाच्या वाकात गोळा होते आणि टोकाला बाहेर यायला जागाच उरत नाही. मासा सुटल्याचे खापर मात्र गांडुळावर फुटते.

निपाणीकर:

दोघांचेही आभार. पाच-सहा इंची गांडुळाला कोणत्या क्रमांकाचा गळ लावावा, आणि फाटलेली गांडुळे पुन्हा वापरता येतात का? रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या गांडुळांचीही जाहिरात दिसते. ती घेण्याजोगी आहेत का?

शहापूरकर, बेळगाव यांचे उत्तर:

३/० किंवा ४/० क्रमांकाचा, मानेत दुमड असलेला गळ आणि डोक्यापुढे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे पाच ते सात ग्रॅमचे शिसे, एवढी जोडणी पुरेशी आहे. गळाचे टोक गांडुळाच्या पाठीतून आरपार काढून पुन्हा वरच्या पातळ थरात जेमतेम लपवावे, म्हणजे ते केंदाळात अडकत नाही. डोक्याकडचा भाग फाटला, तर तेवढा कापून गळ थोडा मागे लावावा. मधोमध तुटलेले गांडूळ लायटरच्या ज्योतीवर दोन्ही कडा वितळवून लगेच दाबून धरल्यास पुन्हा जुळते. हा उद्योग मोकळ्या हवेत करावा, कारण धूर चांगला नसतो.

अशी गांडुळे १९४९ साली अमेरिकेतील ॲक्रन येथील निक क्रीम यांनी तयार केली. आजही पातळ पीव्हीसी तापवून साच्यात घालण्याचीच रीत आहे, आणि मऊ-ताठपणाचा फरक मुख्यतः त्यातील मऊ करणाऱ्या द्रव्याच्या प्रमाणामुळे पडतो. ताणली जाणारी गांडुळे वेगळ्या पदार्थाची असतात. ती सहजासहजी तुटत नाहीत आणि पाण्यावर तरंगतात, त्यामुळे एका पाकिटाला किंमत जास्त पडली तरी मरळीसाठी ती शेवटी स्वस्तच पडतात. मात्र ती नेहमीच्या पीव्हीसी गांडुळांसोबत एका डब्यात ठेवू नयेत, कारण दोन्ही वितळून त्यांचा चिकट गोळा होतो. पीव्हीसीची गांडुळेही आपापल्या मूळ पाकिटातच राहू द्यावीत; काळ्याचा रंग हिरव्याला लागतो, आणि एप्रिलमध्ये उन्हात उभ्या केलेल्या गाडीत पाकीट राहिले तर शेपट्यांचा आकार बिघडतो.