मदत हवी आहे: फिश फाइंडर खोलीच दाखवत नाही, ट्रान्सड्यूसर गेला की मशीन?

फायबरची बोट आहे, रत्नागिरीकडे, ट्रान्सड्यूसर (पाण्यात आवाजाच्या लहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी पकडणारा भाग, ज्यावरून मशीनच्या स्क्रीनवर खोली दिसते) तळातून आरपार बसवलेला, 50/200 किलोहर्ट्झ, 600 वॅटचा. जेटीला दोन-तीन वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाण्यात आकडा बरोबर येतो पण दहा वावाच्या पुढे गेलं की तळाची रेघ तुटते आणि मग नुसत्या रेषा. इंजिन बंद करून पाहिलं, तेच, म्हणजे इंजिनचा किंवा बुडबुड्यांचा त्रास नसावा. बॅटरी 12 च्या वर आहे, प्लगच्या पिना हिरव्या पडलेल्या त्या साफ केल्या, सेन्सिटिव्हिटी हाताने वाढवली, खाली बुडी मारून तोंडावरची कालवं आणि शेवाळ प्लास्टिकच्या पट्टीने काढलं (पत्रा लावला नाही, चरे पडतात). पाण्याचं तापमान मात्र अजून नीट दाखवतोय आणि ट्रान्सड्यूसरला कान लावला तर टिकटिक ऐकू येते, मंद आहे पण आहे.

बोट पावसाळी मासेमारी बंदीतच वर घेणार, 1 जूनला, त्याआधी उगाच ओढायची नाही, खर्च फार. आसपास कोणाकडे तसलाच दुसरा ट्रान्सड्यूसर नाही लावून बघायला.

तर बोट पाण्यात असतानाच दोष मशीनचा की ट्रान्सड्यूसरचा हे पक्कं कसं कळेल? आणि बदलायचाच झाला तर तेवढ्याच फ्रिक्वेन्सी-वॅटचा दुसऱ्या कंपनीचा घेऊन जुन्या केबलला जोड दिला तर चालतो का, कोणी केलंय?