नऊ आठवड्यांची पिल्लं: कोंबडे कोणते, तलंगा कोणत्या? मदत हवी आहे

खुडूक कोंबडीखाली १२ अंडी ठेवली होती, २१व्या-२२व्या दिवशी ९ पिल्लं निघाली. सगळी मिश्र जातीची, रंगही वेगवेगळे. दुसऱ्या दिवशीच पंखांची पिसं पाहून मी नर-मादी ठरवली आणि पायात रंगीत कड्या घातल्या. आता तो हिशेब साफ चुकलेला दिसतोय. जिला मादी धरलं होतं त्या तांबड्या पिल्लाचा तुरा लालभडक झालाय, चोचीखालचे कल्लेही दिसू लागलेत. 'नर' म्हणून कडी घातलेल्या काळ्या पिल्लाचा तुरा मात्र अजून फिकट पिवळसर आहे. एक पांढरं पिल्लू छाती काढून सगळ्यांच्या अंगावर जातं, पण त्याचा तुरा लहानच.

खुराड्यात एकापेक्षा जास्त कोंबडे ठेवायला जागा नाही. जास्तीचे दुसऱ्यांकडे द्यावे लागतील, पण चुकून तलंग हातची जायला नको. खात्रीने कधी सांगता येईल?

उत्तर १
पंखांच्या पिसांची खूण सगळ्या पिल्लांना लागू होत नाही. बाप लवकर पिसं फुटणाऱ्या वाणाचा आणि आई उशिरा फुटणाऱ्या वाणाची असेल, तरच ती खूण चालते. त्या कड्या काढून टाका.

तांबडा बहुतेक कोंबडाच. पांढऱ्याच्या भांडणावर जाऊ नका, या वयात तलंगाही छाती भिडवतात. अजून तीन-चार आठवडे थांबा, मग शेपटीच्या मुळाशी पाठीवरची पिसं बोटांनी उचलून बघा. कोंबड्याची नवी पिसं लांब, टोकदार आणि चकचकीत येतात, तलंगेची टोकाला गोल असतात. तुऱ्यापेक्षा माझा भरवसा यावरच जास्त, कारण काही जातींत तलंगांचाही तुरा लवकर लाल होतो.

उत्तर २
पायही बघा, नराचे जाड आणि उंच असतात. पण तुलना एकाच रंगाच्या, एकाच बांध्याच्या भावंडांत करा. आरवण्याची वाट पाहू नका. खुराड्यात एक दांडगा कोंबडा असला की बाकीचे बरेच दिवस गप्प राहतात.

मूळ प्रश्नकर्ती
मनापासून आभार! आज बारावा आठवडा पुरा झाला. तांबड्याच्या पाठीवर टोकदार पिसं स्पष्ट दिसतात, काळीची सगळी गोल आहेत. पांढऱ्याला मात्र दोन-तीनच नवी पिसं आलीत आणि ती मला अणकुचीदार वाटतात. एवढ्यावरून त्याला नर धरू, की अजून थांबू?

उत्तर १
थांबा. दोन आठवड्यांत तशीच पिसं मानेवरही उतरली, तर कोंबडा.