मुंबई मॅरेथॉन: धावायचं नाही, पण रस्त्यावर असायचंय

खारावारा:
नमस्कार मंडळी. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला धाकटा भाऊ पूर्ण अंतर, म्हणजे ४२.१९५ किमी धावतोय. लक्ष्य साडेचार तासांचं. आई आणि मी बघे. बहिणीला कॉलेजच्या एनएसएस गटातून पाण्याच्या टेबलावर नेमलंय, पण गटाला आतापर्यंत फक्त जागा आणि पोचायची वेळ कळवली आहे. तर प्रश्न असे: भावाला वाटेत कुठे आणि किती वेळा गाठता येईल (आई फार चालू शकत नाही)? टेबलावर नेमकं काय काम असतं? आणि पेडर रोडला लोक घरून खाऊ आणून वाटतात म्हणे, तर आम्ही काय न्यावं? संक्रांत नुकतीच झालेली असते, तिळगूळ चालेल का?

दादर_फास्ट:
आधी गणित, मग जागा. साडेचार तास म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंद. पूर्ण मॅरेथॉन सीएसएमटीहून पहाटे पाचच्या सुमाराला सुटते, पण गर्दीमुळे मधल्या किंवा मागच्या गटातल्याला प्रत्यक्ष रेषा ओलांडायला पाच-दहा मिनिटं लागतात. त्याची चिप (अंगावरचं वेळ नोंदवणारं छोटं साधन) तिथून मोजायला लागते, तुमचं घड्याळ मात्र पाचपासून चालू असतं. म्हणून सूत्र सोपं ठेवा: ५:०८ अधिक (किमी गुणिले ६.४ मिनिटं). म्हणजे १० किमीला ६:१२, ३० किमीला ८:२०, ३५ किमीला ८:५२, शेवट ९:३८. तीस किमीनंतर बहुतेकांचा वेग पडतो, त्यामुळे तिथून पुढे दिलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी उभं राहायचं आणि वीस मिनिटं नंतरपर्यंत हलायचं नाही.

आता जागा. आखणी वर्षागणिक थोडी बदलते, तेव्हा मी लिहितोय ते त्या वर्षीच्या नकाशाशी ताडून घ्या. प्रेक्षकांच्या दृष्टीने मरीन ड्राइव्हसारखी जागा नाही, कारण चर्चगेट, मरीन लाइन्स आणि चर्नी रोड ही तिन्ही स्टेशनं तिथून चालत पाच-सात मिनिटांवर आहेत. पहाटे जाताना एकदा, सकाळी परतताना एकदा, असा एकाच जागी तो दोनदा दिसतो. आई बरोबर असतील तर हेच करा. कठड्यावर बसायला मिळतं, वाट बघायला समुद्र आहे.

तिसऱ्यांदा गाठायचं तर दादर. पहाटेचं दर्शन झालं की चर्नी रोडहून स्लो लोकल पकडायची आणि दादर पश्चिमेला उतरून शिवाजी पार्कच्या बाजूने वीर सावरकर मार्गावर यायचं (कॅडेल रोड म्हटलं तर टॅक्सीवाल्याला पटकन कळतं, पण त्या दिवशी टॅक्सीचा विचार सोडा). माहीमकडून प्रभादेवीकडे येताना तो तिथे साधारण आठच्या आसपास असेल. तिथून परत मरीन ड्राइव्हला सव्वानऊपर्यंत पोचायला तास-सव्वा तास मिळतो: चालणं पंधरा मिनिटं, गाडीची वाट दहा, प्रवास वीस, पुन्हा चालणं दहा. बसतं. पण दादर आणि पेडर रोड दोन्ही करायला जाऊ नका. पेडर रोडला जवळचं स्टेशन ग्रँट रोड, तिथून वीस-पंचवीस मिनिटांची चाल, आणि भाऊ तिथे ३५ किमीच्या सुमाराला येतो, तेव्हा ८:५२ च्या आत ते होत नाही. बरेच जण नेमके तिथेच चुकतात आणि दोन्हीकडे चुकामूक होते. आदल्या दिवशी लोकलच्या रविवारच्या मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघा, पहाटेच्या विशेष लोकलच्या घोषणाही तेव्हाच येतात.

सी-लिंकवर प्रेक्षकांना प्रवेश नसतो, तो नाद सोडा.

अजून दोन गोष्टी. "डाव्या बाजूला उभे आहोत" असं सांगू नका, डावं कोणाचं हा घोळ ठरलेला. "समुद्राच्या बाजूला, मरीन लाइन्सच्या पुलाच्या अलीकडे" असं सांगा. तुम्ही त्याला शोधण्यापेक्षा त्याने तुम्हाला शोधणं सोपं असतं, कारण तुम्ही हलत नसता. काठीला एखादा भडक फुगा किंवा छत्री बांधा. तो पेसरबरोबर (ठरलेल्या वेळेत पोचेल अशा एकसारख्या वेगाने धावणारा) धावणार असेल तर काम आणखी सोपं: पेसरच्या पाठीवर लक्ष्यवेळेचा झेंडा असतो, "साडेचारची बस", म्हणजे त्याच्यामागचा घोळका, दिसली की सावध व्हायचं.

आणि अ‍ॅपवर धावणाऱ्याची जागा दाखवणाऱ्या ठिपक्यावर विसंबू नका. खरी नोंद फक्त रस्त्यावर अंथरलेल्या टायमिंग मॅटवर होते. दोन मॅटच्या मध्ये दिसतो तो ठिपका म्हणजे आधीच्या वेगावरून बांधलेला अंदाज. तो थांबला, चालायला लागला, तरी ठिपका पळत राहतो.

टेबल_नंबर_चार:
टेबलाबद्दल लिहितो. बहिणीला सांगा की पाणी ओतणं हे काम नाही, पाणी हातात *पोचवणं* हे काम आहे.

धावणारे नेहमी पहिल्या टेबलावर तुटून पडतात. पहिल्यावर धक्काबुक्की, पाचवं टेबल रिकामं. त्यामुळे पहिल्या टेबलाच्या पंचवीस-तीस मीटर आधी एकाने उभं राहून हात पुढे दाखवत ओरडत राहायचं: "पुढे पाणी, पुढे पाणी!" हा माणूस नसेल तर बाकी मांडणी कितीही चांगली असो, कोंडी होते. देणाऱ्यांनी एकमेकांत चार-पाच मीटर अंतर ठेवून टेबलाच्या पुढे यायचं, टेबलामागे नाही. टेबल हे फक्त साठ्यासाठी.

पेला असेल तर तो तळव्यावर ठेवून किंवा काठाला वरून दोन बोटांत धरून हात बाजूला लांब करायचा. मुठीत आवळलेला पेला धावणाऱ्याला ओढून घ्यावा लागतो आणि अर्धं पाणी दोघांच्या अंगावर. पेला दोन तृतीयांशच भरा. तो घेत असताना हात त्याच्या धावण्याच्या दिशेने थोडा जाऊ द्या, एक-दोन पावलं बरोबर टाकलीत तर उत्तम. लहान बाटल्या असतील तर बुचाचं सील आधी तोडून ठेवा, पण बूच काढून टाकू नका. रस्त्यावर पडलेलं बूच टाचेखाली आलं की घोटा मुरगळतो, आणि अंधारात ते दिसतही नाही. बाटली देताना टोपण वर आलं पाहिजे, म्हणजे बुडाकडून धरा.

साठा करताना पेल्यांचा एक थर भरला की त्यावर सपाट पुठ्ठा, पुठ्ठ्यावर दुसरा थर. दोन थर आरामात उभे राहतात, तिसरा कलंडतो. गर्दीच्या वेळी भरणारे आणि देणारे वेगळेच हवेत. हिशेब करून बघा: मिनिटाला साठ जण आले आणि चाळिसांनी घेतलं, तर दहा जणांच्या वाट्याला मिनिटाला चार पेले येतात, हे जमतं. तेच पाच जण भरतही असतील आणि देतही असतील, तर दहा मिनिटांत टेबल कोरडं.

पाणी आणि इलेक्ट्रोलाइट यांची टेबलं वेगळी, मध्ये मोकळी जागा, आणि देताना तोंडाने नाव घ्यायचं: "पाणी, पाणी" किंवा "एनर्जी, एनर्जी". नाहीतर कोणीतरी गोड द्रव डोक्यावर ओतून घेतो आणि मग पुढचे दहा किलोमीटर डोळे चुरचुरतात. कचऱ्याचे पिंप टेबलाशी ठेवू नका, पन्नास ते शंभर मीटर पुढे ठेवा, कारण पिऊन होईपर्यंत माणूस तेवढा पुढे गेलेला असतो.

नेसणीचं: पायात जुने बूट, चपला नकोत, कारण तासाभरात सगळं ओलं होतं. पहाटे जानेवारीची थंडी अंगाला लागते, नऊनंतर ऊन तापतं, तेव्हा वर काढता येईल असं काहीतरी. रस्ते लवकर बंद होतात, म्हणून दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा. टेबलाजवळचं शौचालय उजाडण्याआधी बघून ठेवा, गर्दीत शोधता येत नाही.

चढावरची_काकू:
खाऊबद्दल. तिळाचा कडक लाडू नको, चिक्की अजिबात नको. पस्तीस किलोमीटर झालेल्या माणसाच्या तोंडाला कोरड पडलेली असते, श्वास तोंडाने चाललेला असतो. दाणा घशात अडकला तर ठसका लागतो आणि पाण्याचं टेबल दूर असतं. बिस्किटांचंही तेच. तिळगूळ द्यायचाच तर शर्यत संपल्यावर द्या, गोड बोलायला त्याच्यात तेव्हा कुठे जीव असेल.

रस्त्यावर चालतं ते असं: संत्र्याच्या सोललेल्या फोडी, बिया काढून, वर किंचित मीठ. उकडलेल्या बटाट्याचे एका घासाचे तुकडे, मीठ लावून. धावताना घ्यायच्या गोड जेलचा कंटाळा आलेले लोक यावर जीव टाकतात. केळं अर्धं कापून, सालीसकट, पण जवळच पाटी किंवा टोपली हवी, साल रस्त्यावर पडलं की मागच्याचा कपाळमोक्ष. गूळ हरभऱ्याएवढ्या खड्यांत. कलिंगड चालतं. सगळं उथळ ताटात सुटंसुटं मांडा, म्हणजे एकाने उचललेल्याला दुसऱ्याची बोटं लागत नाहीत, आणि ताट छातीच्या उंचीवर धरा.

ओआरएस देणार असाल तर एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच. "ताकद येईल" म्हणून अर्ध्या लिटरमध्ये घट्ट करून देणारे दरवर्षी भेटतात. त्याने मळमळ आणि पोट बिघडतं. आणि स्वतःच्या भावाला वाटेत असलं काही द्यायचं असेल, तर त्याने सरावात खाल्लेलंच द्या.

पेडर रोडलाच उभे राहणार असाल तर चढ संपतो तिथे नको, मध्यावर थांबा. माथ्यावर त्यांना उतार दिसतो, तिथे टाळ्यांची गरज नसते. "थोडंच राहिलंय" असं मात्र म्हणू नका, सात किलोमीटर म्हणजे थोडं नाही. बिबवर (छातीवरच्या क्रमांकाच्या कागदावर) नाव छापलेलं असतं, नावाने हाक मारा आणि खरं ते सांगा: "वळणानंतर उतार आहे."

कापूसबोळा:
वर कोणी लिहिलं नाही म्हणून वैद्यकीय बाजू. स्वयंसेवकाने उपचार करायचे नसतात, ओळखायचं असतं.

शेवटच्या रेषेनंतर कोसळणारा आणि रेषेआधी कोसळणारा, हे दोन वेगळे रुग्ण. धावताना पायाचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. माणूस रेषा ओलांडून एकदम थांबला की ते बंद होतं, रक्त पायात साचतं आणि भोवळ येते. म्हणून पदक देणाऱ्यांनी "थांबू नका, चालत राहा" म्हणत राहायचं, आणि पडलाच तर आडवं करून पाय वर उचलायचे. बहुतेक जण काही मिनिटांत सावरतात. रेषेआधी, धावता धावता झोकांड्या देणारा, विचारलेल्याला भलतंच उत्तर देणारा किंवा तापलेला माणूस मात्र उष्माघाताचा समजायचा. अंगावर घाम आहे म्हणजे उष्माघात नाही, असं मानू नका. धावणाऱ्यांमध्ये घाम चालू असतानाही होतो. ताबडतोब वैद्यकीय पथकाला बोलवा. ते येईपर्यंत सावली, आणि मान, काखा, जांघा यांवर बर्फाच्या पाण्यात बुडवलेले टॉवेल, सतत बदलत.

तिसरा प्रकार लोकांना माहीत नसतो: जास्त पाणी पिऊन रक्तातलं सोडियम उतरणं. हळू धावणारे, प्रत्येक टेबलावर थांबून पिणारे यात सापडतात. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजून अंगठी घट्ट होते, मग गोंधळल्यासारखं बोलायला लागतात. याला "पाणी पी, पाणी पी" करून आणखी पाजणं धोक्याचं. गोंधळलेल्या माणसाला तोंडाने काहीच देऊ नका.

निपचित पडला, हाक मारली तर उत्तर नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके: छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी दाब, मिनिटाला १०० ते १२०, पाच ते सहा सेंमी खोल, न थांबता. दुसऱ्याने १०८ लावायचा आणि एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) आणायला पळायचं. बिबच्या मागे आपत्कालीन संपर्क आणि रक्तगट भरलेला असतो, तो पथकाला दाखवा.

वेदनाशामक स्प्रे हाती दिला असेल तर वीतभर अंतरावरून, फक्त अखंड कातडीवर. सोलवटलेल्या जागेवर मारला तर आग होते. वारा कुठून येतो ते बघून उभे राहा, नाहीतर अर्धा फवारा शेजारच्याच्या डोळ्यात.

खारावारा:
बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. बटाटे आणि संत्री पक्की. आई मरीन ड्राइव्हलाच बसेल, मी एकटा दादरला जाऊन येतो. दोन छोटे प्रश्न: फलक किती मोठा करायचा, आणि पहाटे ताशा वाजवला तर चालेल का? मित्र मागे लागलेत.

दादर_फास्ट:
ताशा सहाच्या आत नको. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा वाद्यांना बंदी आहे, आणि मार्गावर लोक राहतात. सहानंतर वाजवा, पण पाण्याच्या टेबलाशी आणि वळणाशी नको, तिथे स्वयंसेवकांच्या सूचना ऐकू जायला हव्यात.

फलकावर चार शब्दांपलीकडे जाऊ नका. अक्षर दहा सेंमी उंच आणि ठसठशीत हवं. मात्रा-वेलांट्या धरून ओळीला पंधरा सेंमी सोडा, नाहीतर शिरोरेषेवरचं सगळं एकमेकांत मिसळतं. पिवळ्यावर काळं लांबून वाचता येतं. लाल मार्कर उजाडेपर्यंत दिसतच नाही.

मरीन ड्राइव्हला परतीची वाट बघताना एक बोनस आहे. अव्वल खेळाडू सात वाजून गेल्यावर सुटतात, त्यामुळे त्यांची आघाडी आणि तुमचा भाऊ साधारण एकाच वेळी, साडेनऊच्या जरा आधी तिथे येण्याची शक्यता आहे. इथला पुरुषांचा विक्रम इथिओपियाच्या हायले लेमी बेऱ्हानूचा, २०२३ सालचा, २ तास ७ मिनिटं ३२ सेकंद. म्हणजे किलोमीटरला तीन मिनिटं. तुमच्यासमोरचे पन्नास मीटर नऊ सेकंदांत पार. मोबाइल खिशातून काढेपर्यंत गेलेले असतात, तेव्हा पुढे धावणारी मोटारसायकल दिसली की कॅमेरा चालू करा.

टेबल_नंबर_चार:
भेटायचं कुठे हे आदल्या दिवशी ठरवा. रेषेजवळ नातेवाइकांना सोडत नाहीत, धावणाऱ्यांना पदक, खाणं, जमा केलेली बॅग असं करत आझाद मैदानाकडून बाहेर काढतात, आणि तेवढ्या गर्दीत फोन लागत नाही. संपल्यापासून बाहेर यायला अर्धा ते पाऊण तास धरा. जागा चर्चगेट स्टेशनसारखी, बॅरिकेडच्या बाहेरची निवडा, तीही "स्टेशनला" अशी नको, कुठलं दार ते ठरवा. साडेदहाला तिथे, नाही आला तर अकराला परत तिथेच. त्याच्यासाठी चपला न्या. बुटातून पाय बाहेर काढायची जी घाई असते ती विचारू नका.