२७ टक्के सुधारणा नव्हे, आणि एमआरआयची मेख
लेकानेमॅब या अल्झायमरवरच्या औषधाबद्दल 'त्याने स्मरणशक्ती २७ टक्के सुधारते' असं सांगितलं जातं. सुधारत काही नाही, घसरण मंदावते. चाचणीत दीड वर्षानंतर १८ गुणांच्या मापनावर औषध घेणारे सरासरी १.२१ गुणांनी घसरले, न घेणारे १.६६ नी. २७ टक्के या ०.४५ मधून आले. एवढा फरक घरच्यांना जाणवेल का, यावर डॉक्टरांतच वाद आहे.

सुरुवातीचा डोस वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी, शिरेतून, साधारण तासभर.

खरी मेख पुढे आहे. हे औषध म्हणजे अँटीबॉडी; ती मेंदूत साचलेलं अमायलॉइड हे प्रथिन उपसते, पण रक्तवाहिन्यांच्या भिंतीतलंही उपसते, भिंत गळकी होते, मग सूज किंवा बारीक रक्तस्राव. एमआरआयमध्ये वेगवेगळे सीक्वेन्स, म्हणजे प्रतिमा घेण्याचे प्रकार, असतात: सूज फ्लेअर सीक्वेन्सवर दिसते, रक्तस्रावाचे काळे ठिपके एसडब्ल्यूआय किंवा जीआरई सीक्वेन्सवर. एकच करून आणला तर अर्धं चित्र हुकतं. बहुतेकांना लक्षणं नसतात, म्हणूनच 'बरं वाटतंय' म्हणून ठरलेला स्कॅन टाळू नये. एपीओई-४ या जनुकप्रकाराच्या दोन प्रती असणाऱ्यांत सूज सुमारे ३३ टक्के, एकही नसणाऱ्यांत ५ च्या आसपास. तेव्हा जनुक चाचणी औषधाआधी, नंतर नव्हे.

अचानक जीभ जड झाली, हात लुळा पडला, तर तो पक्षाघात वाटतो, पण ही सूजही असू शकते. तातडीच्या विभागात पहिल्याच वाक्यात हे औषध चालू असल्याचं सांगा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिल्यावर मेंदूत जीवघेणा रक्तस्राव झाल्याची नोंद आहे. रुग्णाच्या पाकिटात तशी चिठ्ठी असलेली बरी.