हुकूमशाहीत परदेशी मदत: उपयोगी कुठे, अंगलट कुठे?

शंकासूर:
परदेशी निधी घेतला की सरकार संस्थेला 'परकीय एजंट' ठरवतं. मग बाहेरच्यांनी मदत करायची तरी कशी? निवडणूक निरीक्षणाला पैसा देऊन काही साधतं का?

कलमबहाद्दर:
आधी त्या देशाच्या कायद्यातली व्याख्या वाचा. रशियात २०१२ च्या कायद्याला परदेशी पैसा आणि 'राजकीय कार्य' दोन्ही लागायचं. २०२२ च्या कायद्यात नुसता 'परदेशी प्रभाव' पुरतो, छदामही घ्यावा लागत नाही. इथिओपियात २००९ पासून १० टक्क्यांहून जास्त परदेशी निधी असलेल्या संस्थेला मानवी हक्कांचं काम करता येत नव्हतं. २०१९ मध्ये तो कायदा बदलला. तिथे स्थानिक वर्गणी वाढवून निदान वाट निघत होती. रशियात आता तीही नाही.

मोजणीदार:
निरीक्षणाचं म्हणाल तर चिली पाहा. हुकूमशहा पिनोशेला आणखी आठ वर्षं सत्तेवर ठेवायचं का, यावर ५ ऑक्टोबर १९८८ ला सार्वमत झालं. त्यात विरोधकांनी समांतर मतमोजणी केली, तिच्या तयारीला अमेरिकी पैसा आणि तंत्रसाहाय्य होतं. 'नाही'ला सुमारे ५६ टक्के मतं पडली. विरोधकांच्या हाती स्वतःचे आकडे असल्यामुळे निकाल दाबून ठेवणं सरकारला अवघड गेलं.

समांतर मोजणीत मतदारांना 'मत कुणाला दिलं' असं विचारायचं नसतं. केंद्रं यादृच्छिक पद्धतीने निवडायची, मोजणी संपेपर्यंत माणूस तिथे बसवायचा, निकालपत्रकातले आकडे उतरवून लगेच कळवायचे. घोळ हमखास एकाच ठिकाणी होतो: दुर्गम केंद्रावर पोचता आलं नाही की ऐनवेळी शहरातलं सोयीचं केंद्र घेतात. नमुना तिथेच कलंडतो आणि चूक किती आहे हेही कळत नाही. शिवाय ही पद्धत मोजणीतली लबाडी पकडते. उमेदवारच तुरुंगात असेल तर ती काय करणार?

शंकासूर:
आणि पैसा कोणत्या स्वरूपात द्यावा?

खतावणी:
प्रकल्पनिधीपेक्षा मूळ खर्चाचा: भाडं, हिशेबनीस, वकील. खातं गोठलं की आधी वकीलच लागतो, आणि प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात त्याचा रकाना नसतो. दुसरं, देणगीदाराला लाभार्थींची नावं पाठवू नका, संख्या पुरे. छाप्यात हीच यादी सापडते आणि तिच्यावरची माणसं आयती हाती लागतात. संस्था देशाबाहेर हलवणं हा शेवटचा उपाय; २०२० नंतर बेलारूसच्या अनेक संस्था लिथुआनियातल्या विल्नियस आणि पोलंडमधल्या वॉर्सात गेल्या. काम टिकतं, पण गावातला संपर्क तुटत जातो.